घड्याळ आणि दुसरा बेस : सॉफ्टबॉलच्या दोन नियमांची पार्श्वभूमी

सामना बरोबरीत आहे आणि वेळ संपली, की तालुक्याच्या मैदानावर दोन्ही शाळांचे सर स्कोअररच्या टेबलाशी येतात. एक म्हणतात, सामना संपला. दुसरे म्हणतात, दुसऱ्या बेसवर रनर ठेवा, टायब्रेकर घ्या. टायब्रेकर म्हणजे बरोबरी फोडण्यासाठी जादा इनिंगची सुरुवातच दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या दुसऱ्या टप्प्यावर, एक धावणारी खेळाडू ठेवून करायची. हा वाद मी अनेकदा जवळून पाहिला आहे. वेळेची मर्यादा आणि टायब्रेकर हे दोन वेगळ्या गरजांतून आलेले नियम आपण एकच धरतो, म्हणून तो होतो.

मुळात या खेळाला घड्याळच नाही. १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या एका क्लबात जॉर्ज हॅनकॉक यांनी दोरीने आवळलेला बॉक्सिंगचा हातमोजा आणि झाडूचा दांडा घेऊन हा खेळ चार भिंतींच्या आत सुरू केला. पुढे तो मैदानावर आला, सात इनिंगचा झाला. एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात. त्या सात इनिंगना कितीही वेळ लागो.

वेळेची मर्यादा घातली ती स्पर्धा भरवणाऱ्यांनी, कारण मैदान एक आणि संघ पुष्कळ. आमच्याकडे शालेय स्पर्धा पावसाळ्याच्या दिवसांत येतात. काळ्या मातीत साचलेलं पाणी उपसून चुना मारेपर्यंत उन्हं वर येतात, आणि संध्याकाळी मुलींना गावची शेवटची एसटी गाठायची असते. तेव्हा मर्यादा हवीच. पण ती त्या-त्या स्पर्धेची अट असते. बहुतेक ठिकाणी शब्द असे असतात : वेळ संपल्यावर नवी इनिंग सुरू करायची नाही. खरी मेख इथे आहे. आधीच्या इनिंगचा शेवटचा आऊट झाला, त्याच क्षणी पुढची इनिंग सुरू झाली असं धरतात. पिचरने पहिला चेंडू टाकला तेव्हा नव्हे. तो आऊट शिट्टीच्या आधी झाला असेल, तर पुढची इनिंग खेळवावीच लागते.

टायब्रेकर मात्र पिचरमुळे आला. खालून हात फिरवून, इतक्या जवळून येणारा वेगवान चेंडू बॅटरला लागतच नाही, आणि ०-० सामना लांबत जातो. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या लिसा फर्नांडिझने नऊ इनिंगपर्यंत एकाही ऑस्ट्रेलियन बॅटरला बेसवर पोहोचू दिलं नव्हतं. दहाव्या इनिंगला नियमाने दुसऱ्या बेसवर रनर आला, ऑस्ट्रेलियाच्या जोआन ब्राउनने होमरन मारला, म्हणजे रनरची आणि तिची स्वतःची अशा दोन धावा झाल्या, आणि अमेरिका १-२ ने हरली. हा नियम कठोर आहे, हे मला मान्य आहे. पण २००८ ला बीजिंगमध्ये तो असतानाही जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामन्यांत ४१३ चेंडू टाकले. तो नसता तर त्या खांद्याचं काय झालं असतं?

रनर कोण, यावरही घोळ होतो. मागचा आऊट कोणाचा हे पाहायचं नाही. त्या इनिंगमध्ये जिची बॅटिंग सर्वांत शेवटी येणार, ती दुसऱ्या बेसवर. चौथ्या क्रमांकाची मुलगी सुरुवात करणार असेल, तर तिसऱ्या क्रमांकाची रनर.

आणि पाचव्याच इनिंगला वेळ संपून बरोबरी राहिली तर? तिथे लगेच टायब्रेकर घ्यायचा की साखळीत गुण वाटून द्यायचे, हे स्पर्धेच्या नियमावलीतच लिहिलेलं असावं लागतं. सकाळी नाणेफेकीआधी ते दोन्ही कर्णधारांना वाचून दाखवायला पाच मिनिटंही लागत नाहीत.