गोठून जगणं आणि न गोठता जगणं

उणे १५ अंशांच्या रात्रीनंतर विलो या झाडाची फांदीही जिवंत असते आणि द्राक्षवेलीचा सुप्त डोळाही (म्हणजे अजून न फुटलेला कोंब). दोघांना आपण ‘थंडी सोसणारे’ म्हणून मोकळे होतो. पण याचं गणिती मॉडेल बांधायला बसलं की कळतं, ही दोन वेगळी गणितं आहेत.

विलो खरोखर गोठतो, फक्त पेशींच्या बाहेर. पेशींमधल्या फटींत बर्फ धरतो आणि आतलं पाणी ओढून घेतो. शून्याखाली दर अंशाला ही ओढ सुमारे १.२ मेगापास्कलने (हे दाबाचं एकक) वाढते. म्हणजे पेशीच्या दृष्टीने हा दुष्काळच. पेशीरसाची तीव्रता किलोभर पाण्यामागे ०.५ ऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप) धरली, तर साध्या हिशेबाने तो उणे ०.९३ अंशाला गोठू लागतो. मग ०.९३ ला शून्याखालच्या अंशांनी भागायचं: उणे २ ला ४६ टक्के पाणी उरतं, उणे १० ला ९ टक्के. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की निम्म्याहून जास्त पाणी पहिल्या दोन अंशांतच जातं. जपानमध्ये अकिरा साकाई यांनी १९६० मध्ये दाखवलं की काटक झाडांच्या फांद्या आधी सावकाश गोठवल्या, तर उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमधूनही त्या जिवंत निघतात. आत बर्फ व्हायला पाणीच उरलेलं नसतं.

द्राक्षाच्या डोळ्यात मात्र पाणी जागेवरच राहतं, द्रवरूपात. फ्रीजरमधली न गोठलेली बाटली हलवताच गच्च गोठते, तशीच ही स्थिती: सुपरकूलिंग. पहिला स्फटिक आत पडला की डोळा संपला. त्या क्षणी किंचित उष्णता सुटते आणि ती संवेदकाने टिपता येते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात अशा मोजमापांवरून, रोजच्या तापमानानुसार डोळ्याची सहनशक्ती सांगणारं मॉडेल २०११ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणून पहिल्या मॉडेलमध्ये पाणी किती गेलं आणि किती वेगाने गेलं हे मोजायचं, दुसऱ्यात स्फटिक पडण्याची शक्यता. सफरचंदाच्या एकाच फांदीत साल पहिल्या वाटेने जाते, आतलं लाकूड दुसऱ्या. त्यामुळे ‘निम्म्या ऊती कितीला मरतात’ हा एकच आकडा अख्ख्या फांदीला लावणं मला चुकीचं वाटतं.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या बागेत वेल तोच, पण ऑक्टोबर छाटणीमुळे ऐन थंडीत तो पानाफळांवर असतो. हिरव्या कोवळ्या फुटीकडे या दोन्हींतलं एकही कवच नसतं. उणे २-३ अंशांतच ती करपते. म्हणून पारा घसरला की तिथे पहाटे शेकोट्या पेटतात आणि ठिबक सुरू होतं.