२१ दिवसांत सवय लागतेच असं नाही
नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या बऱ्याच नव्या उद्योजकांनी पुस्तकांत वाचलेलं असतं की २१ दिवस नेटाने केलं की सवय लागते. हा आकडा १९६० सालच्या ‘सायको-सायबरनेटिक्स’मधला. लेखक मॅक्सवेल मॉल्ट्झ प्लास्टिक सर्जन होते. रुग्णाला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात, हे त्यांचं निरीक्षण. त्यातलं ‘किमान’ पुढे गळालं आणि आकडा सगळ्याच सवयींना चिकटला.

लंडनमध्ये ९६ जणांच्या सवयी ८४ दिवस तपासल्या गेल्या. काम आपोआप होऊ लागायला मध्यक, म्हणजे मधोमध पडणारा आकडा, ६६ दिवस निघाला, पल्ला १८ ते २५४ (तपासणी ८४ दिवसांचीच, म्हणून वरचा आकडा गणिती अंदाज). एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

तेव्हा वर्कशॉपचा हिशेब रोज लिहायचा तर ‘रात्री ८’ ठरवू नका. माल पाठवायला उशीर झाला की वेळ हुकते. शेवटचं मशीन बंद झालं की शटर ओढण्याआधी तीनच ओळी लिहा: आलेले पैसे, येणं बाकी, रिजेक्ट झालेले नग. दहा रकान्यांची वही आठवडाभरात कोरी पडते. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तरी वही मिटू नका, तीन महिने धरून चला.