काऊंट पडले की बुरशीपासून मुलाला कसं जपायचं?

केमो सुरू असलेल्या मुलांच्या आईबाबांना बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनबद्दल बरंच सांगितलं जातं, बुरशीचं नाव मात्र उशिरा कानावर येतं. आणि मग पहिला प्रश्न हाच, की आमच्या मुलाला बुरशीचं औषध का नाही दिलं?

बुरशीचे कण हवेत सगळीकडे असतात, आपण सगळेच ते रोज श्वासातून आत घेतो. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण जेमतेम 2-3 मायक्रॉनचे, त्यामुळे ते फुफ्फुसात पार खोलवर जातात. एरवी शरीरातल्या पेशी त्यांचा निकाल लावतात, पण केमोने न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काऊंट पडले म्हणतो ते यांचेच) 500 च्या खाली गेले आणि आठ-दहा दिवस वर आलेच नाहीत तर बुरशीला रुजायला मोकळं रान मिळतं. कॅन्डिडा या दुसऱ्या बुरशीला तर बाहेरून यायचीही गरज नसते. ती तोंडात, आतड्यात, कातडीवर असतेच, केमोने आतलं अस्तर सोलवटलं की तिथून किंवा सेंट्रल लाईनमधून (औषधं देण्यासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) ती रक्तात शिरते.

म्हणून सगळा हिशोब काऊंट किती खाली गेले आणि किती दिवस खाली राहिले याचा. एएमएल नावाचा ब्लड कॅन्सर, दुसऱ्याच्या बोन मॅरोचं ट्रान्सप्लांट, या मुलांना धोका जास्त, त्यांना बुरशीचं औषध आधीपासून देतात. गाठीच्या बहुतेक कॅन्सरमध्ये काऊंट थोडेच दिवस खाली असतात, तिथे सरसकट औषध देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. कोणतं औषध यानेही फरक पडतो. 2019 मध्ये एएमएलच्या 500 हून जास्त मुलांचा आणि तरुणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बुरशीची दोन औषधं ताडून पाहिली, पाच महिन्यांत फ्लुकोनाझोलवाल्यांपैकी 7.2 टक्के जणांना बुरशीचं गंभीर इन्फेक्शन झालं, कॅस्पोफंगिनवाल्यांपैकी 3.1 टक्के. फक्त कॅस्पोफंगिन शिरेतूनच द्यावं लागतं, गोळी नाही.

मग सरळ गोळीवालं जोरदार औषध सगळ्यांना का नाही? इथे व्हिन्क्रिस्टिन आडवं येतं. एएलएल या दुसऱ्या ब्लड कॅन्सरच्या केमोमधलं हे अगदी मुख्य औषध. ते लिव्हरमधल्या ज्या एन्झाईममुळे शरीरातून बाहेर पडतं तेच एन्झाईम इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल ही बुरशीची औषधं अडवून धरतात, मग व्हिन्क्रिस्टिन अंगात साठतं आणि नसांवर त्रास होतो. मुलाला घट्ट बद्धकोष्ठता होते, जबडा दुखतो, पाय उचलून टाकता येत नाही, पायरी चढताना पंजा अडकतो, कधी फिट्सही येतात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांसाठी काही लिहून दिलं असेल तर सुरू करण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवाच, हे मी प्रत्येक आईबाबांना हात जोडून सांगेन.

आठवड्यातून दोन-तीन दिवस मिळणारी को-ट्रायमोक्साझोलची गोळी पण बुरशीसाठीच असते बरं का, न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे होणाऱ्या न्यूमोनियासाठी. मूल छान दिसतंय म्हणून ती मनाने बंद करू नका.

बाकी काळजी साधी आहे पण रोजची आहे. सेंट्रल लाईनला हात लावण्याआधी हात धुणं, लाईनचं तोंड अँटिसेप्टिकने किमान 15 सेकंद घासणं आणि ते पूर्ण वाळू देणं, हे वाळू देणंच घाईत राहून जातं. तोंड रोज मऊ ब्रशने स्वच्छ ठेवायचं. काऊंट कमी असताना कुंड्या, माती, ओलीची भिंत यापासून लांब, आणि जिथे तोडफोड किंवा बांधकाम चालू आहे तिथे तर अजिबात नको, कारण त्या धुळीतून ॲस्परजिलसचे कण भरपूर उडतात. ट्रान्सप्लांटच्या खोल्यांना हवेतले बारीक कण गाळणारा हेपा फिल्टर लावतात तो याचसाठी.

हे सगळं करूनही ताप येऊ शकतो. काऊंट कमी असताना ताप 100.4 ला पोचला तर घरी पॅरासिटामोल देऊन वाट बघू नका, लगेच फोन करा. जास्त धोक्याच्या मुलांमध्ये अँटिबायोटिक सुरू होऊन चार दिवस झाले तरी ताप हटत नसेल तर डॉक्टर छातीचा सीटी स्कॅन करतात आणि रिपोर्टची वाट न बघता बुरशीचं औषध चालू करतात. तुम्ही स्वतःहून विचारलंत तरी चालेल, की आता बुरशीसाठी तपासायचं का?