आम्सहाऊस म्हणजे वर्कहाऊस नव्हे

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडविषयी मराठीत लिहिताना ‘आम्सहाऊस’ आणि ‘वर्कहाऊस’ या दोन्ही शब्दांसाठी ‘गरीबखाना’ असा एकच प्रतिशब्द योजण्याचा मोह होतो. दोन्हीकडे निर्धन माणसेच राहत, त्यामुळे ही गल्लत समजण्यासारखी आहे. परंतु पहिल्या ठिकाणी जागा मिळावी म्हणून लोक अर्जविनंत्या करत, तर दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकण्यापेक्षा कित्येकांना अर्धपोटी राहणे बरे वाटे.

आम्सहाऊस हा खाजगी दानधर्म होता. एखादा व्यापारी, बिशप किंवा व्यावसायिक संघ जमीन अथवा रक्कम ठेवून जाई आणि तिच्या उत्पन्नातून मोजक्या वृद्धांना निवारा मिळे. सर रॉबर्ट जेफ्री यांच्या मृत्युपत्रातील पैशातून लंडनच्या शोर्डिच भागात 1714 मध्ये बांधलेल्या चौदा घरांत प्रत्येक रहिवाशाला स्वतःची एक खोली असे. स्वतःचे दार, स्वतःची चूल, वर थोडा भत्ता.

वर्कहाऊस मात्र करांच्या पैशावर चाले. 1834 च्या गरीब-मदतीविषयीच्या कायद्याने पॅरिशांचे, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार ठरलेल्या स्थानिक विभागांचे, संघ बनवून त्यांवर कारभार पाहणारी पालक मंडळे (बोर्ड ऑफ गार्डियन्स) नेमली आणि आतले जिणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जिण्याहून हलाखीचे असावे, हे तत्त्व म्हणून स्वीकारले, जेणेकरून खरोखर निरुपाय झालेलाच माणूस आत येईल. दारातच नवरा, बायको आणि मुले वेगवेगळ्या विभागांत पाठवली जात. साठीपुढील जोडप्यांना एकत्र राहू देण्याची तरतूद व्हायला 1847 उजाडले. अंगावर संस्थेचा गणवेश, हाताला दगड फोडण्याचे किंवा जुन्या दोरखंडांचे तंतू उकलण्याचे काम. अँडोव्हर येथे खतासाठी हाडे कुटणारे भुकेले लोक त्याच कुजक्या हाडांतील मगज खात असल्याचे 1845 मध्ये उघड झाले. शिवाय 1832 च्या कायद्यानुसार बेवारस मृतदेह शवविच्छेदनासाठी देता येत असल्याने, तिथे मरण्याचीही धास्ती होती.

म्हणून आम्सहाऊस म्हणजे सुखाचा स्वर्ग, असेही नाही. चालचलणुकीची चौकशी आणि प्रार्थनेची सक्ती सर्रास होती, आणि आधी सरकारी मदत घेतलेल्याला अनेक ठिकाणी प्रवेशच नसे. म्हणजे ज्याची गरज सर्वांत मोठी, तोच बाहेर. विंचेस्टरच्या सेंट क्रॉस या प्राचीन संस्थेत तर प्रमुख असलेले अर्ल ऑफ गिलफर्डच उत्पन्नाचा मोठा वाटा खिशात घालत होते, आणि 1853 मध्ये न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला.

खरा घोटाळा अटलांटिकपलीकडे होतो. अमेरिकेत ‘आम्सहाऊस’ हे नाव सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या, वृद्ध, वेडे, आजारी आणि पोरकी मुले एकाच आवारात कोंबणाऱ्या संस्थेलाच होते. पुढे हेलन केलरची शिक्षिका झालेली, दृष्टी अधू असलेली ॲन सलिव्हन 1876 मध्ये धाकट्या भावासह मॅसॅच्युसेट्समधील ट्यूक्सबरी आम्सहाऊसमध्ये दाखल झाली. भाऊ काही महिन्यांतच तिथे वारला. ती 1880 मध्ये अंधशाळेत जाण्यासाठी बाहेर पडली. तिची हकिकत वाचताना डोळ्यांसमोर शोर्डिचची ती खोली नव्हे, तर इंग्लंडमधले वर्कहाऊस आणावे लागते.