झाडांच्या फिशटँकसाठी परवडणारी ट्यूब कशी निवडावी (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

फिशटँकमध्ये खरी झाडं लावायची ठरली की पहिला प्रश्न उजेडाचा येतो, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात तेही तिथेच. मोबाइलवर एखादा हिरवागार टँक पाहिलेला असतो, त्यावर कित्येक हजारांचा परदेशी लाइट असतो आणि तसलाच हवा असं वाटायला लागतं. असे लाइट आम्हीही विकतो. तरीही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी हेच सांगतो, की दोन ते चार फुटांचा टँक, त्यात गप्पी, मॉली, टेट्रा किंवा एंजल, आणि सोबत साधी झाडं असतील, तर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी घरगुती एलईडी ट्यूब पुरते. फक्त ती नीट पाहून घ्यायला हवी.

आधी झाडं ठरवा, मग ट्यूब

कोणता लाइट घेऊ, असं विचारलंत तर आम्ही उलट विचारू, झाडं कोणती लावणार? जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस, क्रिप्टोकोरीन (थोडक्यात क्रिप्टो) ही सावलीत वाढणारी झाडं आहेत. यांना कमी उजेड चालतो. किंबहुना अनुबियासवर प्रखर उजेड टाकला तर त्याच्या जाड, सावकाश वाढणाऱ्या पानांवर शेवाळ धरतं आणि मग ते काही केल्या निघत नाही. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, हायग्रोफिला, ॲमेझॉन स्वोर्ड यांना मध्यम उजेड हवा. रोटाला, लुडविजिया यांचा लालसर रंग टिकवायचा असेल, किंवा माँटे कार्लो या बुटक्या झाडाचा तळावर गालिचा करायचा असेल, तर मात्र उजेड भरपूर हवा, आणि त्यासोबत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि खतही हवं. या तिघांपैकी एकटा उजेड वाढवला तर झाडांआधी शेवाळ वाढतं. उजेड वाढला की झाडाची भूक वाढते. ती भागवायला पाण्यात काही नसेल तर तो उजेड शेवाळाच्या कामी येतो.

नवीन टँकसाठी आमची शिफारस पहिल्या दोन गटांतल्या झाडांची आहे. त्यांवर हात बसला की तिसऱ्या गटाकडे वळा.

खोक्यावर काय वाचायचं

ट्यूबचं खोकं हातात घ्या आणि वॉट बघायच्या आधी बाजूची बारीक अक्षरं वाचा. तिथे केल्विनचा (के) आकडा असतो, उजेड पिवळसर की पांढरा ते तो सांगतो. ६५०० के, म्हणजे आपल्याकडे ज्याला कूल डेलाइट म्हणतात, तो पांढरा उजेड झाडांना चालतो आणि डोळ्यालाही बरा दिसतो. ४००० के जरा पिवळसर असतो, तोही चालतो. चार फुटी टँकवर दोन ट्यूब लावणार असाल तर एक ६५०० आणि एक ४००० अशी जोडी लावून बघा. माशांचे लाल-केशरी रंग अशा उजेडात जास्त खुलतात. २७०० ते ३००० के वॉर्म व्हाइटमध्ये झाडं वाढतील, पण पाणी चहासारखं दिसतं, त्यामुळे आम्ही ती सुचवत नाही. निळी ट्यूब घेऊच नका. ती खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांसाठी असते. जांभळ्या-गुलाबी ‘ग्रो’ ट्यूबबद्दलही बरेच जण विचारतात. झाडाचं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं हे खरं आहे, आणि त्या ट्यूब त्याच तत्त्वावर असतात. पण चांगल्या पांढऱ्या एलईडीत लाल आणि निळा दोन्ही असतात, हिरव्या प्रकाशाचाही काही भाग झाड वापरतं, आणि बैठकीत जांभळा टँक ठेवून मासे काही नीट दिसत नाहीत.

केल्विननंतर ल्यूमेन बघा. वॉट म्हणजे ट्यूब वीज किती खाते. उजेड किती देते ते ल्यूमेन सांगतो. चांगली २० वॉटची चार फुटी एलईडी ट्यूब साधारण २००० ल्यूमेन देते, म्हणजे दर वॉटला १०० च्या आसपास. ल्यूमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे, झाडासाठी नाही. तरी एकाच रंगाच्या दोन पांढऱ्या ट्यूबमध्ये कोणती सरस हे ठरवायला ते पुरेसं आहे. ज्या खोक्यावर ल्यूमेन छापलेलाच नाही, ती ट्यूब कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ८० किंवा त्याहून जास्त असेल तर उत्तम. बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी खूण आहे का तेही बघून घ्या, कारण ही ट्यूब पाण्याच्या वर टांगायची आहे.

किती लागतील, त्याचा हिशेब

टँकची लांबी, रुंदी आणि उंची इंचांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ६१ ने भागा. येतील ते लिटर. त्यातून खडी, दगड आणि वरची मोकळी जागा यांसाठी १५-२० टक्के कमी धरा. आता दर लिटरला १० ते २० ल्यूमेन म्हणजे कमी उजेड, २० ते ४० म्हणजे मध्यम, आणि ४० च्या वर भरपूर.

दोन फुटी टँक, म्हणजे २४ × १२ × १२ इंच, भरतो सुमारे ५६ लिटर. प्रत्यक्ष पाणी ४५-४६. त्यावर १० वॉटची दोन फुटी, १००० ल्यूमेनची एक ट्यूब लावली की लिटरला २०-२२ ल्यूमेन मिळतात. जावा फर्न, क्रिप्टो आणि व्हॅलिसनेरियाला एवढं पुरे. चार फुटी टँक ४८ × १८ × १८ असेल तर भरतो २५५ लिटर, पाणी साधारण २१०-२१५. इथे २० वॉटच्या दोन ट्यूबवर लिटरला १८-१९ ल्यूमेन, तीनवर २८. म्हणून चार फुटीला आम्ही दोन ट्यूबपासून सुरुवात करायला सांगतो आणि तिसरीची जागा टॉपमध्ये, म्हणजे टँकच्या झाकणात, मोकळी ठेवायला सांगतो.

हा आडाखा १८ इंचांपर्यंत उंच टँकसाठी आहे. त्याहून खोल टँकमध्ये तळाशी उजेड बराच मंदावतो, मग लिटरचा हिशेब फसतो. दोन फूट खोल टँक असेल तर गालिच्याची झाडं विसरा आणि उंच वाढणारी व्हॅलिसनेरिया लावा. ती स्वतःच उजेडापर्यंत पोचते.

तीन फुटी टँकवाल्यांची अडचण वेगळी आहे. तीन फुटी ट्यूब बाजारात सहज मिळत नाही. त्यावर दोन फुटीच्या दोन ट्यूब पुढे-मागे, एक डाव्या टोकाला आणि एक उजव्या टोकाला सरकवून लावा. मधल्या फूटभर भागात दोन्हींचा उजेड पडतो, तिथे जास्त उजेडाची झाडं लावता येतात.

जुनी पट्टी काढायची का?

घरात ३६ वॉटची जुनी जाड ट्यूब आणि चोक-स्टार्टरची पट्टी असेल आणि झाडं त्यावर चांगली वाढत असतील, तर आजच काढायची घाई नको. टी८ म्हणतात ती हीच, एक इंच जाडीची. पण तांब्याच्या चोकसकट ती ४६ ते ५० वॉट खाते; रोज ८ तास लावली तर महिन्याला ११-१२ युनिट. २० वॉटची एलईडी तेवढ्याच वेळात पाच युनिटपेक्षा थोडं कमी घेते. दोन ट्यूब असतील तर फरक दुप्पट. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून बघा, नवी ट्यूब किती महिन्यांत वसूल होते ते लगेच कळेल.

दुसरं असं, की फ्लोरोसंट ट्यूबचा उजेड हळूहळू उतरत जातो. डोळ्याला ती पेटलेलीच दिसते, पण झाडांना फरक जाणवतो, म्हणून वर्षाभरात ती बदलावी लागते. बारीक टी५ ट्यूब उजेडाला चांगली, पण तिला इलेक्ट्रॉनिक चोक लागतो, आणि २८ वॉटची टी५ ही टी८ पेक्षा जवळपास पाच सेंटिमीटर आखूड असल्याने जुन्या पट्टीत बसत नाही. शिवाय पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात २०२३ मध्ये ठरल्याप्रमाणे पारा असलेल्या या लांब ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत बंद व्हायची आहे. नवीन काही घेणार असाल तर एलईडीच घ्या.

जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवायची असेल तर बहुतेक मॉडेलमध्ये चोक आणि स्टार्टर काढून वायर थेट द्यावी लागते. काहींना वीज एका टोकाला द्यायची असते, काहींना दोन्ही टोकांना. खोक्यावरची आकृती इलेक्ट्रिशियनला दाखवा आणि त्याच्याकडूनच करून घ्या. ही भानगड नको असेल तर पट्टीसकट येणारी एलईडी बॅटन घ्या. दोन-तीनशे रुपयांत चांगली मिळते.

किती तास लावायची

नवीन टँकला पहिले तीन-चार आठवडे ६ तास. झाडांनी मूळ धरलं, नवी पानं फुटली, की ७ आणि मग ८. आठच्या वर कशाचीही गरज नाही. घरातले सगळे जागे आहेत तोवर टँकचा लाइट सुरू, ही सवय शेवाळाचं सगळ्यात मोठं कारण आहे. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन टँकवर येत असेल तर पडदा लावा, ते ऊनही या तासांत धरावं लागतं.

लाइटवर वाचलेल्या पैशातून एक टायमर घ्या, ही आमची मनापासूनची विनंती आहे. फिरत्या तबकडीचा टायमर स्वस्त असतो, पण वीज गेली की तो थांबतो आणि तेवढा वेळ मागे पडतो. तुमच्या भागात लाइट वारंवार जात असेल तर आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर बरा.

नागपूरचा उन्हाळा

परदेशी व्हिडिओंत हे कोणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, नसतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलरच्या खोलीतही टँकचं पाणी ३२-३३ अंशांवर पोचतं. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी. त्यात बंद टॉपखाली ट्यूबची उष्णता कोंडली की मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागतात आणि क्रिप्टोची पानं विरघळायला लागतात.

एप्रिल ते पावसाचं आगमन, एवढे दिवस लाइट ६ तासांवर आणा आणि दुपारऐवजी संध्याकाळी ५ नंतर लावा. टॉपच्या मागच्या बाजूला हवा जाईल अशी फट ठेवा. एलईडी स्वतः कमी तापते, पण तिचा ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारं आतलं सर्किट) कोंडलेल्या उष्णतेत लवकर जातो. एलईडी वर्षाच्या आत गेली अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचे टॉप बरेचदा चारही बाजूंनी बंद असतात. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लहान पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. आपली कोरडी हवा इथे कामी येते. रात्री झाडंही ऑक्सिजन वापरतात, म्हणून उन्हाळ्यात एअर पंप रात्रभर सुरू ठेवा.

पंख्यामुळे रोज पाणी भरावं लागेल. ते बोअरचं असेल तर क्षार साठत जातात. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी ट्यूबखालची काच आठवड्यातून एकदा पुसायलाच हवी. त्यावर उडालेले थेंब सुकून पांढरा थर बसतो आणि उजेड अडतो. ओल्या फडक्याने निघाला नाही तर थोडा व्हिनेगर घ्या. काच टँकवरून काढून पुसा आणि धुऊन मगच परत ठेवा. मनपाच्या नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून आणि क्लोरिन काढणारं औषध घालून भरा.

वीज आणि पाणी

घरगुती बॅटन पाण्याच्या वाफेसाठी बनवलेली नसते. ती आणि पाणी यांच्यामध्ये काच हवीच. उघड्या टँकवर लावायची असेल तर आयपी ६५ (पाण्याच्या उडण्यापासून संरक्षणाची खूण) लिहिलेली घ्या. वायर सॉकेटपर्यंत नेताना आधी सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलातूनच खाली पडतं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. आणि टँकमध्ये हात घालण्याआधी लाइट, हीटर, पंप, सगळ्यांचे प्लग काढा. लहान मुलांनाही हे शिकवा.

झाडाकडे बघून ओळखा

खोडाचं झाड लांबुळकं होतंय, दोन पानांमधलं अंतर वाढतंय, खालची पानं गळताहेत, तर उजेड कमी पडतोय. काचेवर आणि पानांवर हिरवं शेवाळ वेगाने येतंय, तर एक तास कमी करा आणि दोन आठवडे थांबा. जुन्या पानांना बारीक भोकं पडत असतील तर तो बहुधा पोटॅशियमचा प्रश्न असतो, आणि कोवळी पानं पिवळी निघत असतील तर लोहाचा. त्यासाठी ट्यूब बदलू नका.

नवीन आणलेल्या झाडाची जुनी पानं पहिल्या पंधरा दिवसांत गळणं मात्र अगदी स्वाभाविक आहे. नर्सरीत बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात गेल्यावर ती पानं टाकून पाण्यातली पानं काढतात. सडकं पान कापा आणि मधला कोंब बघा. तो हिरवा आणि कडक असेल तर झाड जिवंत आहे. अशा वेळी घाबरून लाइट वाढवू नका.

दुकानात येताना टँकची तिन्ही मापं, पाणी नळाचं की बोअरचं, आणि टँकचा लाइट सुरू असतानाचा एक फोटो घेऊन या. ट्यूब आमच्याकडूनच घ्यावी असा आग्रह नाही. बाहेरून घेणार असाल तर खोक्याचा फोटो दाखवा, आम्ही बघून सांगू. जुनी फ्लोरोसंट ट्यूब कचऱ्यात फोडू नका, तिच्यात पारा असतो. चुकून फुटलीच तर खिडक्या उघडा, मुलांना दूर ठेवा आणि तुकडे झाडूने न लोटता जाड कागदाने गोळा करा. धड असलेली ट्यूब ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.