ऑटोमॅटिक की ओव्हरराइड? शेफच्या टेस्टमध्ये कुठला आकडा कुठे लिहायचा

शेफ म्हणजे सर्व्हरची सेटिंग कोडमध्ये लिहून लावणारं टूल, त्यातल्या सूचनांच्या फाइलला रेसिपी म्हणतात. परवा कुडाळहून आमच्या टीममधल्या नव्या मुलाचा फोन, "दादा, आकडो बदललो तरी टेस्ट ऐकणा नाय." मी मालवणात घरी, लाइट गेलेली, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर त्याची स्क्रीन बघितली आणि लगेच कळलं की हा घोळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो, म्हणून नीट लिहून ठेवतोय.

त्याची रेसिपी साधी होती. मशीनची मेमरी बघायची, एका वर्करला (ॲपचं काम करणाऱ्या एका प्रोसेसला) २५६ एमबी धरायचे आणि तेवढे वर्कर कॉन्फिग फाइलमध्ये लिहायचे. शेफस्पेक म्हणजे रेसिपी तपासायचं टूल, त्याच्या टेस्टमध्ये खरी मशीन नसते, फॉक्सहाय नावाची जेम (रूबी भाषेतलं तयार पॅकेज) आधीच गोळा केलेली सिस्टीमची माहिती पुरवते, त्यात मेमरी १०४८५७६ केबी म्हणजे १ जीबी. याला लहान मशीन तपासायची होती म्हणून त्याने नोड डॉट ओव्हरराइड (नोड म्हणजे शेफ जी सेट करतो ती मशीन) करून मेमरी ५२४२८८ केबी दिली. वर्कर २ यायला हवे होते, आले ४.

ओव्हरराइड हे नावच फसवतं. वाटतं की हे सगळ्यावर चालणार, पण शेफमध्ये एखादी किंमत वेगवेगळ्या पायऱ्यांवर देता येते, आणि वरची पायरी जिंकते. खालून वर क्रम असा आहे: डिफॉल्ट, फोर्स डिफॉल्ट, नॉर्मल, ओव्हरराइड, फोर्स ओव्हरराइड आणि सगळ्यात वर ऑटोमॅटिक. मेमरी, आयपी, ऑपरेटिंग सिस्टीम, सीपीयू ही सगळी माहिती ओहाय नावाचा शेफसोबतचा प्रोग्राम गोळा करतो आणि ती ऑटोमॅटिकमध्ये बसते. फॉक्सहाय त्याच जागी स्वतःची माहिती ठेवतो. मग खालच्या पायरीवर आपण काहीही लिहिलं तरी रेसिपीला दिसणार वरचंच, आणि एरर वगैरे काही येत नाही, म्हणून माणूस तासभर शोधत बसतो.

मी त्याला होडीचं सांगितलं. भरती-ओहोटी आपण ठरवत नाही, भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, किनाऱ्यावर जाऊन बघायची, ते ऑटोमॅटिक. होडी कधी लोटायची, कोणाला बरोबर घ्यायचं, हे आपलं, ते डिफॉल्ट नाहीतर ओव्हरराइड. ओहायसुद्धा प्रत्येक रनला मशीन नव्याने बघतो, गेल्या रनच्या आकड्यावर विसंबत नाही.

आता उलटी चूक, आणि मला हीच जास्त धोक्याची वाटते. एकदा ऑटोमॅटिकची ताकद कळली की लोक सगळंच तिथे लिहायला लागतात, अगदी आपल्या ॲपचा पोर्टसुद्धा. समजा रोलमध्ये (एका प्रकारच्या सर्व्हरना मिळून दिलेल्या सेटिंगमध्ये) पोर्ट ९०९० डिफॉल्ट म्हणून दिलाय आणि रेसिपीत कुणाची तरी जुनी ओव्हरराइडची ओळ राहिलीय, ८०८० वाली. टेस्टमध्ये तुम्ही ९०९० ऑटोमॅटिकमध्ये टाकला तर टेस्ट हिरवी, कारण ऑटोमॅटिक सगळ्यांना दाबतं, ती जुनी ओळ कोणाला दिसतच नाही. खऱ्या सर्व्हरवर मात्र ॲप ८०८० वर उठणार. म्हणजे टेस्ट आहे आणि तरी जे पकडायला ती लिहिली तेच सुटलं. त्यामुळे टेस्ट लिहिताना मी एकच विचारतो, खऱ्या सर्व्हरवर हा आकडा कोण देणार? मशीन देणार असेल तर ऑटोमॅटिक, रोलमधून येणार असेल तर रोल ज्या पायरीवर देतो तीच पायरी.

आणि हे सगळं रनर (टेस्टमध्ये रेसिपी चालवणारा) बनवतानाच्या ब्लॉकमध्ये लिहायचं, कन्व्हर्जच्या, म्हणजे रेसिपी चालवण्याच्या, आधी. नंतर लिहिलं तर रेसिपी वाचून झालेली असते.

पोराने ओळ बदलली, ओव्हरराइडच्या जागी ऑटोमॅटिक, पण घाईत किंमत "५१२ एमबी" अशी टाकली आणि वर्कर आले चक्क ०. ओहाय मेमरी देतो ती आकड्याला केबी चिकटवलेली स्ट्रिंग असते, रेसिपी तिचा नुसता आकडा काढून केबीच समजते, मग ५१२ ला १०२४ ने भागलं की शून्यच उरणार. खोटी माहितीसुद्धा खऱ्या ओहायच्याच साच्यातली लागते. त्याने परत ५२४२८८ केबी लिहिलं, टेस्ट चालवली, वर्कर २.