आय-१४० मंजूर झालं, मग व्हिसा कुठे अडला? प्रोसेसिंग टाइम आणि प्रायॉरिटी डेट

अमेरिकेतल्या रुग्णालयाने परदेशी नर्सला कायमचं नोकरीवर नेण्यासाठी आय-१४० पिटिशन (मालकाने भरायचा अर्ज) भरलं, पावती आली, की नर्स यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) साइटवर ‘प्रोसेसिंग टाइम’ बघू लागते. तिथले महिने मोजून घरी सांगितलं जातं, अमुक महिन्यात निघायचं. गल्लत इथेच होते. तो आकडा पिटिशन तपासायला लागणाऱ्या वेळाचा. व्हिसाचा नंबर कधी लागणार, हे सांगणारा तक्ता वेगळा आणि तो काढणारं खातंही वेगळं. सरकारी दवाखान्यात केसपेपर निघाला म्हणून बेड मिळत नाही, तसंच हे.

आधी प्रोसेसिंग टाइम. साइटवर दिसतो तो आकडा सरासरीचा नव्हे. गेल्या सहा महिन्यांत निकाली निघालेल्या पिटिशनांपैकी ८० टक्के जितक्या काळात सुटली, तो हा काळ. म्हणजे पाचातलं एक त्याहून जास्त रेंगाळलेलंच असतं. आकडा उलटला की लगेच चौकशी करता येते असंही नाही. त्याच पानावर पावतीची तारीख टाकली की चौकशीची मुभा कधीपासून, ते दिसतं.

हा वेळ पैसे भरून कमी होतो. आय-९०७ फॉर्म भरून प्रीमियम, म्हणजे जादा फीचं जलद प्रोसेसिंग, घेतलं की कामकाजाच्या १५ दिवसांत काहीतरी कळतं. काहीतरी, मंजुरीच असं नाही. जादा कागद मागणारी नोटीस, म्हणजे आरएफई, निघाली तरी त्यांची मुदत पाळली गेली असंच धरतात, आणि तुमचे कागद पोचले की १५ दिवस पुन्हा पहिल्यापासून.

नर्सची पिटिशनं बहुतेक ठरावीक जागीच अडतात. नर्सचा पेशा ‘शेड्यूल ए’मध्ये, म्हणजे टंचाईच्या पेशांच्या यादीत, असल्याने कामगार खात्याचं पर्म (त्या कामाला अमेरिकेत माणूस मिळत नाही असं प्रमाणपत्र) लागत नाही. पण कामाच्या ठिकाणी सलग कामकाजाचे १० दिवस या भरतीची नोटीस लावावी लागते, आणि पिटिशन भरण्याआधी ३० ते १८० दिवसांच्या पट्ट्यात हे काम झालेलं असावं लागतं. नोटीस उतरवून ३० दिवस व्हायच्या आत पिटिशन गेलं, की ती चूक नंतर कागद जोडून भरून निघत नाही. दुसरं दुखणं पगार देण्याच्या ऐपतीच्या पुराव्याचं, ते मालकाच्या बाजूचं. तिसरं आपल्याकडचं: नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, मधलं नाव एकीकडे वडिलांचं, दुसरीकडे नवऱ्याचं. तीनही शब्द बदललेली बाई एकच आहे हे तिथल्या अधिकाऱ्याला आपोआप कळत नाही. विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजी भाषांतरासह आधीच जोडलेला बरा.

आता प्रायॉरिटी डेट, म्हणजे व्हिसाच्या रांगेतली आपली तारीख. इतर बहुतेक नोकरदारांची ही तारीख पर्म भरल्या दिवशी ठरते. नर्सला पर्मच नाही, म्हणून रीतसर भरलेलं आय-१४० यूएससीआयएसकडे पोचलं तो दिवस तिची प्रायॉरिटी डेट. मंजुरीच्या आय-७९७ नोटिशीवर ती स्वतंत्र चौकटीत छापलेली असते. तिथेच ‘नोटीस डेट’ही असते. मंजुरीच्या कागदावरची ती तारीख म्हणजे आपला रांगेतला नंबर, असा समज फार जणींचा होतो.

ही रांग अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये दर महिन्याला दिसते. नर्सने ईबी-३ ची (नोकरीवरच्या व्हिशांच्या तिसऱ्या गटाची) ओळ आणि आपल्या देशाचा रकाना बघायचा. ऑक्टोबर २०२४ च्या बुलेटिनमध्ये अंतिम कारवाईची तारीख (प्रायॉरिटी डेट हिच्या आधीची असेल तरच व्हिसा मिळतो) भारतासाठी १ नोव्हेंबर २०१२ होती, फिलिपिन्ससाठी १५ नोव्हेंबर २०२२. एकाच वॉर्डात काम करणार असलेल्या दोघींमध्ये दहा वर्षांचं अंतर! नोकरीच्या कोट्यातले व्हिसे वर्षाला साधारण १,४०,०००, त्यातले २८.६ टक्के ईबी-३ ला, आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. मागणी जास्त तिथे रांग तुंबते. महिना सरला की तारीख महिनाभर पुढे जाते असंही नाही. कधी आठवडाभर सरकते, कधी ठप्प, कधी चक्क मागे. सप्टेंबर २०२४ मध्ये तर ईबी-३ चे त्या आर्थिक वर्षाचे व्हिसेच संपले आणि १ ऑक्टोबरपर्यंत काम थांबलं.

रकाना ठरतो जन्माच्या देशावरून, पासपोर्टवरून नाही. गोव्यात जन्मलेल्या नर्सने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तरी ती भारताच्याच रकान्यात. उलट आईबाप आखातात असताना कुवेतमध्ये जन्मलेली मुलगी भारतीय पासपोर्टवरही या रांगेतून सुटते. नवरा दुसऱ्या देशात जन्मलेला असेल आणि सोबत येणार असेल, तर त्याचा रकाना वापरता येतो. हे वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा.

मग भारतीय नर्सने प्रीमियम घ्यावं का? दुसरी रांग त्याने एक दिवसही हलत नाही. फायदा एवढाच की मंजुरी लवकर हाती येते, आणि मंजूर पिटिशनची प्रायॉरिटी डेट पुढे मालक बदलला तरी नव्या पिटिशनला लावता येते (फसवणूक किंवा गंभीर चूक निघाली तर नाही). पिटिशन नामंजूर झालं तर तारीख मिळतच नाही.

मुलं असतील तर मात्र उलटा हिशेब करून बघा. आईबरोबर जायला मूल २१ वर्षांच्या आतलं लागतं; ही अट मोजताना, व्हिसा उपलब्ध होतो त्या दिवशीच्या वयातून पिटिशन प्रलंबित होतं तितके दिवस वजा होतात. समजा त्या दिवशी मुलगा २१ वर्षे ५ महिन्यांचा आहे. पिटिशन २४० दिवस पडून होतं, तर त्याचं वय पावणेएकवीसच्या आसपास धरलं जाईल आणि तो आईबरोबर जाईल. प्रीमियमने तीन आठवड्यांत सुटलं असेल तर वजा होतात जेमतेम वीस-एकवीस दिवस, आणि तो बाद. वय बसलं तरी व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत पुढचा अर्ज करावा लागतो.

व्हिसास्क्रीन, म्हणजे परदेशी नर्सची पात्रता तपासल्याचं प्रमाणपत्र, याचंही तसंच, घाई नडते. आय-१४० ला ते लागत नाही, एनक्लेक्सचा (अमेरिकी नर्सिंग परवान्याच्या परीक्षेचा) निकाल चालतो. मुंबईच्या वकिलातीतल्या मुलाखतीला मात्र ते चालू मुदतीचं लागतं, आणि मुदत पाच वर्षांची. भारताच्या रकान्यातल्या नर्सने घाईने काढलं, तर नंबर यायच्या आत ते संपलेलं असतं.